लिटरभर जास्त

कल्पना करा, तुम्ही सायकलवर आहात. रस्ता सपाट आहे, वारा पडलेला आहे, चाकांत हवा आहे. तरी आज पाय भरून येतात. रोजच्या वळणापर्यंत पोचताना रोजच्यापेक्षा जास्त दम लागतो, जणू मागच्या कॅरिअरवर कुणीतरी येऊन बसलंय. तुम्ही मान वळवून बघता. कुणी नाही. पुन्हा पायडल मारता आणि पुन्हा तेच. जो कोण आहे तो गप्प आहे, आणि उतरत नाही.

आता सायकल बाजूला ठेवा आणि तिच्या जागी एक जुनी, उंच, चौकोनी गाडी उभी करा. गरज पडली की चारही चाकांनी ओढणारी. तिचा हिरवा रंग कोपऱ्यांवर उडालेला आहे. ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते आणि दर शनिवारी डोंगरावरच्या चौकीला जाते. तिथं पाचजण राहतात आणि तळ्याच्या पाण्याची पातळी मोजतात. त्यांचं धान्य, औषधं, बॅटऱ्या, पत्रं, सगळं ह्याच गाडीतून जातं. जायचे ऐंशी किलोमीटर, यायचे ऐंशी. त्यातले साठ डांबरी. शेवटचे वीस नुसती लाल, चिकट माती.

ही गाडी एका मुलीचे बाबा चालवायचे. मुलगी दहा वर्षांची. तिला सगळं मोजायची सवय होती: जिन्याच्या पायऱ्या, खिडकीचे गज, आईच्या शिंका. म्हणून बाबा तिला मोजपट्टी म्हणत. आपणही तेच म्हणू.

एका शनिवारी बाबा वरून परत आले. दाट धुकं होतं. त्यांनी गाडी शेडमध्ये सरळ लावली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, आणि तिथंच, स्टिअरिंगवर हात ठेवून, गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. घाबरू नका, ही गोष्ट त्याच्याबद्दल नाही. त्यानंतर काय झालं, त्याबद्दल आहे.

त्यानंतर गाडी जास्त डिझेल पिऊ लागली.

बाबांच्या हाती एका फेरीला साडेतेवीस लिटर लागायचं. आता मोजपट्टीचा मामा चालवू लागला, तर सत्तावीस. पुढच्या शनिवारी पुन्हा सत्तावीस. शेडमधली माणसं कुजबुजायला लागली. सामान चढवणारा म्हणाला, एका माणसाचं वजन वाढलंय, दुसरं काय. पुढच्या सीटवर बसायला कुणी तयार होईना. सगळे मागे पोत्यांवर बसत आणि पुढं बघायचं टाळत.

आणखीही गोष्टी होत्या. मधला आरसा मामा निघताना स्वतःच्या उंचीला लावायचा, आणि शेवटच्या चढापर्यंत तो सरकून बाबांच्या उंचीला यायचा. सीट बाबांच्या पाठीच्या आकारात दबलेली होती. मामानं तिथं उशी टाकली, तर उशीही दबली. शिवाय तो आवाज. उतारावर मामा पाय उचलायचा, इंजिन शांत व्हायचं, आणि पुढून, काचेखालच्या फळीच्या, म्हणजे डॅशबोर्डच्या खालून, कुणीतरी ओठ मिटून गुणगुणावं तसा हलका आवाज यायचा. बाबा गाडी चालवताना असेच गुणगुणायचे. गाणं कुठलं ते त्यांनाही माहीत नसायचं.

मोजपट्टी शनिवारी मामाबरोबर जायची. पुढच्या सीटवर बसायची, चपला काढून. तळपायांना तो आवाज जास्त कळायचा.

"मामा, ऐकलंस?"

"काय?" मामा म्हणायचा, आणि लगेच खिडकीची काच खाली करायचा, म्हणजे वाऱ्याचा आवाज मोठा होईल.

त्याला ऐकू येत होतं. तिला ते ठाऊक होतं. फरक इतकाच की मामाला भीती वाटायची, आणि तिला आनंद व्हायचा.

मग कचेरीतून तपासणीच्या बाई आल्या. उंच, चष्मेवाल्या, बोलायला मृदू. त्यांनी डिझेलची वही पाहिली आणि म्हणाल्या, "इंजिन थकलंय. पाच शनिवार देते. पाचव्या फेरीला मी स्वतः येईन. चोवीस लिटरच्या आत आलं तर गाडी राहील. नाहीतर भंगारात."

त्या संध्याकाळी मोजपट्टीनं आईला सांगितलं. आई दवाखान्यात परिचारिका होती आणि बाबा गेल्यापासून शेडच्या रस्त्यानं जात नव्हती. लांबचा वळसा घ्यायची. ती कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली, "जाऊ दे ना भंगारात. निदान मला झोप तरी लागेल."

"आई, बाबा आहेत त्यात."

आईच्या हातातली घडी अर्धी राहिली. "त्या दिवशी त्यांना काही होत होतं का, की एकदम झालं, एवढंच मला कळायला हवं होतं," ती म्हणाली. "ते तुझी गाडी सांगते का?"

 गाडी जाऊ द्यायची नाही, हे मोजपट्टीनं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ती मिस्त्रीकाकांकडे गेली. शेडच्या कोपऱ्यातलं गॅरेज त्यांचं. बुटके, मिशीला कायम ग्रीस लागलेलं. बाबांचे जुने दोस्त.

"गाडी जास्त का पिते, काका?"

"तू जास्त का जेवतेस?"

"खेळून आले की."

"म्हणजे काम जास्त झालं की. गाडीचंही तसंच. तिला कुठंतरी जास्त काम पडतंय. ते कुठं, हे शोधायचं. आणि हे बघ मोजपट्टी, एका फेरीत एकच गोष्ट बदलायची. चार एकदम बदलल्या तर गुण कुणाचा ते कळत नाही."

मोजायचं कसं, तेही त्यांनी दाखवलं. गाडी नेहमी त्याच सपाट जागी उभी करायची. टाकी गळ्यापर्यंत भरायची. फेरी मारून यायचं, पुन्हा त्याच जागी उभी करायची, आणि मापाच्या डब्यानं पुन्हा गळ्यापर्यंत भरायची. जेवढं आत गेलं तेवढं गाडीनं प्यायलं. सोपं आहे, पण सांडू द्यायचं नाही.

पहिल्या आठवड्यात टपावरचं कॅरिअर उतरवलं. त्यावर मामानं चढवलेली ताडपत्री आणि दोन रिकामे ड्रम होते. गाडीच्या आत चार पोती वाळू होती, तीही काढली. वाळूही मामानंच ठेवलेली, गाडी चिखलात घसरू नये म्हणून.

"टँकर चालवायचास ना तू," मिस्त्रीकाका म्हणाले. "रिकामी गाडी बघवत नाही तुला."

वजन चढावर ओढावं लागतं. आणि टपावरचे ड्रम वाऱ्याला आडवे येतात. धावत्या गाडीतून हात बाहेर काढून पंजा उभा धरला की कळतं (पण काढू नका हं). त्या शनिवारी सव्वीस लिटर आणि वर थोडं.

दुसऱ्या आठवड्यात टायर. चिखलात मामा हवा कमी करायचा, ते बरोबरच. मऊ टायर पसरतो आणि रुतत नाही. पण डांबरावर परत आल्यावर भरायला हवी, ते तो विसरायचा. मऊ टायर घेऊन पळणं म्हणजे वाळूत पळणं. साडेपंचवीस.

तिसऱ्या आठवड्यात हवेची गाळणी, म्हणजे एअर फिल्टर. काकांनी झटकली तर लाल मातीचा ढग उठला. "नाकात बोळा घालून जिने चढ म्हणजे कळेल," ते खोकत म्हणाले. सव्वापंचवीस.

चौथ्या आठवड्यात मामाचा उजवा पाय. मोजपट्टीनं पुढच्या फळीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ठेवला. "सांडायचं नाही, मामा."

"अगं, हा रस्ता आहे की सर्कस?"

पण तो शिकला. हळू वेग घ्यायचा, लांबूनच पाय उचलायचा, आणि चौकीवर सामान उतरवताना इंजिन बंद करायचं. आधी तो ते अर्धा अर्धा तास चालूच ठेवायचा, कारण बंद केलं की पुढच्या सीटवर फार शांत वाटायचं. त्या शनिवारी चोवीस पूर्णांक सहा.

प्रत्येक वेळी मामा खूश व्हायचा. मोजपट्टी मात्र नाही. गाडी वाचत होती, पण दर शनिवारी थोडे थोडे बाबा कमी होत होते. ड्रम निघाले, हवा भरली, आणि प्रत्येक वेळी कळत होतं की ते बाबा नव्हतेच, ते ड्रम होते, ती हवा होती. आता उरलं होतं लिटरभर. साडेतेवीस आणि चोवीस पूर्णांक सहा ह्यांच्यामधलं. ते कुणाचं, ते कुणालाच सापडत नव्हतं. आणि गुणगुण अजून होती.

तो लिटर तिला ठेवून घ्यायचा होता.

पाचवा शनिवार उजाडला. बाई दहाला येणार होत्या. मिस्त्रीकाका सकाळी आठलाच आले. "एकदा पुढचे ब्रेक बघतो. चाकाला चिकटत असतील तर तेच खातायत." त्यांनी पुढचं एक चाक जॅकवर उचललं. "फिरव गं."

मोजपट्टीनं दोन्ही हातांनी चाक फिरवलं. ते फिरलं, पण सुटं नाही. जड, दळणाच्या जात्यासारखं. आणि शेडमध्ये तो आवाज आला. हलका. ओठ मिटून.

मामाच्या हातातल्या पान्याचं टोक खाली गेलं. मोजपट्टीनं चाक सोडलं नाही. तिनं वाकून गाडीखाली पाहिलं. तिथं मधोमध एक लांब लोखंडी दांडा सावकाश फिरत होता.

"काका, तो खालचा दांडा का फिरतोय?"

 मिस्त्रीकाकांनी चिंधी घेतली, चाकाच्या बरोबर मध्ये सुकून बसलेला मातीचा थर पुसला. खाली एक गोल बटण निघालं. त्यावर एक बाण, आणि दोन खुणा: एक सुटं, एक जोडलेलं. बाण जोडलेल्या खुणेवर होता. ते उठून दुसऱ्या बाजूला गेले, तिथलं बटण पुसलं. तिथंही तेच.

"हे काय आहे?" मामानं विचारलं.

"हे तुला कुणी सांगितलंच नाही?"

"आमच्या टँकरला नव्हतं असलं काही. मी मातीवर आत बसूनच गिअरचा दांडा ओढतो, चारही चाकं लागतात. डांबरावर आलं की सोडतो. झालं."

"आतला दांडा सोडलास तरी ही बटणं जोडलेली राहतात. मग पुढची चाकं तो सगळा लोखंडी पसारा उगाच फिरवत बसतात. ओढत कुणीच नाही, फिरतं मात्र सगळं. तिथं जातो तुझा लिटर." काका टायरवर बसले. "माती सुरू झाली की खाली उतरून ही जोडायची. डांबर लागलं की पुन्हा उतरून सोडायची. मी सगळं तपासलं, हे नाही तपासलं. कारण ह्या गाडीत ते तपासायची कधी वेळच आली नाही. तो विसरायचाच नाही."

मोजपट्टीला आठवलं. ती दोन-चारदा बाबांबरोबर गेली होती. डांबर सुरू होतं तिथं एक वाकडा मैलाचा दगड आहे. बाबा तिथं थांबायचे, उतरायचे, एका चाकापाशी गुडघे टेकायचे, मग पुढून वळसा घालून दुसऱ्या चाकापाशी. बाहेरून बॉनेटवर दोन थापा मारायचे. आतून तिनं फळीवर एक थाप मारायची. म्हणजे झालं, चला. ते उतरून काय करतात, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. थापा मोजल्या होत्या.

"काका," ती म्हणाली, "ही शेवटची कुणी फिरवली?"

 मामा म्हणाला, "मी तर हातच लावला नाही. म्हणजे भावजींनीच. त्या दिवशी. माती लागली तेव्हा जोडली."

"आणि दगडापाशी सोडली नाहीत."

"नाही."

"विसरले?"

मिस्त्रीकाकांनी मिशीवरून हात फिरवला. ग्रीस गालाला लागलं. "तो? नाही गं बाळा. गुडघे टेकून पुन्हा उठवलं नसतं त्याला. तेव्हाच काहीतरी होत असणार. उतरलाच नाही. तसाच साठ किलोमीटर आला, आणि गाडी सरळ लावली." मग ते म्हणाले, "बघ, किती सरळ लावली होती."

शेडच्या पत्र्यावर धुक्याचं पाणी टपटपत होतं. मोजपट्टीनं मोजलं नाही.

काकांनी बटणाला हात घातला. "सोडतो. आता चोवीसच्या आत आरामात."

तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला. "नको."

"अगं, बाई येतील. गाडी जाईल."

"वर जाताना राहू दे. मातीवर लागणारच आहेत. परत येताना दगडापाशी सोडू." तिचा आवाज लहान झाला. "त्यांचं तिथं राहिलंय."

मामानं मनात हिशेब केला. जाताना अर्धा लिटर तसाच जाणार, येतानाचा अर्धा वाचणार. "चोवीस पूर्णांक एकवर येऊन बसेल," तो म्हणाला. "वर बाईंचं वजन." मग त्यानं मोजपट्टीकडे पाहिलं, उशी सीटवरून उचलून बाहेर ठेवली आणि म्हणाला, "पेला आण."

तुमचा जीव टांगणीला नको, म्हणून आधीच सांगायला हरकत नाही: गाडी राहिली. धुकं होतं, म्हणून मामा पन्नासऐवजी चाळीसनं गेला, आणि हळू गाडीला वारा कमी अडवतो. संध्याकाळी मापाच्या डब्यातलं डिझेल चोवीसच्या रेषेखाली बोटभर थांबलं. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि सही केली. आणि त्या संध्याकाळी आईला बटणांची गोष्ट कळली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हणजे घरी यायचं म्हणून आले." दुसऱ्या दिवशी ती शेडच्या रस्त्यानं दवाखान्यात गेली.

पण आपण अजून दगडापाशी आहोत. परतीची वाट, दुपारचे तीन. माती संपली, डांबर सुरू झालं. धुक्यात वाकडा दगड दिसला, आणि मामानं गाडी थांबवून इंजिन बंद केलं.

"काय झालं?" मागून बाईंनी विचारलं.

"दोन मिनिटं, बाई. एक काम राहिलंय."

मोजपट्टी उतरली. चालकाच्या बाजूच्या चाकापाशी गुडघे टेकले. माती थंड होती, पण बटण कोमट होतं. चालून आलेल्या गाडीचं असतंच. तरी तिनं क्षणभर त्यावर नुसता तळवा ठेवला, एखाद्याच्या हातावर ठेवावा तसा. मग फिरवलं. घट्ट होतं. दोन्ही हात लावले. कट्. बाण सुट्या खुणेवर गेला.

ती पुढून वळसा घालून आली. धुक्यात काच पांढरी होती, आत कोण बसलंय ते दिसत नव्हतं. चालकाच्या जागी एक आकार होता, पुढच्या दुसऱ्या सीटवर कुणी नव्हतं, किंवा दिसत नव्हतं. ती दुसऱ्या चाकापाशी बसली. हे बटण तिच्या बोटांत अलगद फिरलं. इतकं अलगद, की तिनं हात काढून पाहिला.

आता खाली सगळं सुटं होतं. आता गुणगुण होणार नव्हती. तिला ते माहीत होतं, आणि तिनंच ते केलं होतं.

ती उठली, गुडघ्यांची माती न झटकता बॉनेटसमोर उभी राहिली आणि त्यावर दोन थापा मारल्या. आतून एक थाप यायला हवी होती. मामाला ते माहीत नव्हतं. ती थांबली. धुकं रस्ता ओलांडून गेलं. आतून काही आलं नाही.

मग ती दाराशी गेली, वर चढली, चपला काढल्या, आणि फळीवर एक थाप मारली.